रविवारची टोपी

"टोपीच होती ना ती, मुकुट तर नव्हता! धुतली तर एवढं काय आभाळ कोसळलं?"

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारून विचारून कपडे धुवायचे म्हटलं तर सोमवार उजाडेल. अकरा वर्षं पाणी लागलं नव्हतं तिला. वास कसा येत होता माहितीये? गोडसर, कुबट. चोळताना पोटात ढवळलं माझ्या. तेव्हापासून डोकं असं ठणकतंय, जसं कुणी आत बसून खिळे ठोकतंय."

हे शेवटचं ऐकलं आणि पारेवाला भांडायचा थांबला.

"कुठे आहे ती?" त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"कुठे म्हणजे? चुलीवरच्या दोरीवर. दुपारपर्यंत वाळेल."

लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण नवऱ्याला धावताना तिने कधी पाहिलं नव्हतं. आताही तो धावला नाही. चवड्यांवर चालत चुलीपाशी गेला, दोन बोटांनी टोपी दोरीवरून उचलली आणि काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तशी अंगापासून लांब धरून खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली. मग वळून म्हणाला, "पाण्यात सोडा घातला होतास?"

"कढत पाणी आणि मूठभर सोडा. का?"

"आणि पाणी कुठे ओतलंस?"

"मोरीत. दुसरं कुठे ओतणार, डोक्यावर?"

तो भिंतीला टेकला. "मग काही उरलं नसेल," तो म्हणाला. जीव भांड्यात पडल्यावर माणूस असं बोलतो, आणि शिक्षा ऐकल्यावरही. यातलं कुठलं, ते तिला कळलं नाही.

पारेवाला हे नाव त्याला गल्लीने दिलं होतं. गोष्ट जुनी आहे. डोंगर फोडून रूळ टाकायचं वेड जगाला लागलं होतं, आणि डोंगर फोडायला जे तेल लागायचं ते गावाबाहेरच्या कारखान्यात बनायचं. कामगार त्याला नुसतं 'तेल' म्हणत, नाव घेत नसत. एकेक खोली वेगळी, प्रत्येकीभोवती मातीचा उंच बांध, म्हणजे एक उडाली तर शेजारची उडू नये. आत जाताना कामगाराच्या अंगावर लोखंडाचं काही चालत नसे. बटण नको, खिळ्याचा जोडा नको, बायकांच्या केसांत आकडा नको.

अशा एका खोलीत शिशाची मोठी टाकी होती. तीत तेल तयार होताना तापायचं. टाकीत खोचलेल्या काचेच्या नळीत पारा होता आणि नळीवर लाल रेघ. पारा रेघेकडे सरकला की गार पाण्याचा नळ सोडायचा. रेघेला टेकला की मोठा दांडा ओढून सगळं तेल खालच्या हौदात सोडायचं आणि पळायचं. त्या नळीकडे बघत बसणं एवढंच पारेवाल्याचं काम. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत. वाचायचं नाही, बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही. बसायला स्टूल, तेही एका पायाचं. डुलकी लागली की माणूस धाडकन खाली पडायचा आणि जागा व्हायचा. अकरा वर्षांत तो एकदाही पडला नव्हता.

ते सगळं तो घरी घेऊन यायचा. दार लावलं तर कडीचा आवाज नाही. जिन्यावरून कुणी धावायचं नाही. चमचा पडला तर त्याचा चेहरा पांढरा व्हायचा. गल्लीतले म्हणायचे, पारेवाल्याच्या घरात मांजरसुद्धा चपला काढून चालते. त्याची थोरली विधवा बहीण त्यांच्याकडेच राहायची, ती म्हणायची, "आमच्या घरात भांड्याला भांडं लागत नाही, ती हौस आम्ही माणसं भागवतो."

बायको शिवणकाम करायची. खिडकीशी मशीन, आणि खिडकीतून समोर मातीचे ते बांध. तिथे राहायला आल्यापासून दोनदा आवाज झाला होता. दोन्ही वेळा ती हातातलं शिवण टाकून कारखान्याच्या फाटकापर्यंत धावली होती, आणि दोन्ही वेळा तो इतरांबरोबर चालत बाहेर आला होता. तिसऱ्यांदा येईलच असं तिला वाटत नव्हतं. रोज सकाळी तो गेला की दर टाक्याला तिची नजर बांधांकडे जायची, ती संध्याकाळी त्याची पावलं ऐकू आली की थांबायची. त्याचीही सवय झाली होती म्हणा.

सुटकेचा रस्ता नव्हता असंही नाही. दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावात तिच्या भावाचं शिवणाचं दुकान होतं. त्याची बायको वारल्यापासून, दोन वर्षं, तो बोलावत होता. दुकानावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. गेल्या आठवड्यात त्याचं पत्र आलं होतं, की महिनाअखेर काय ते कळव, नाहीतर मी दुसरं माणूस बघतो. पारेवाल्याने पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "बघू." त्याआधी कारखान्याच्या साहेबाने त्याला फाटकावरचं काम देऊ केलं होतं. झडती घ्यायची आणि उघडमीट करायची. तेव्हाही "बघू."

"सवत असती तर जाऊन झिंज्या तरी उपटल्या असत्या," ती नणंदेला म्हणाली होती. "स्टुलाचं काय उपटू, वन्सं? एकच तर पाय आहे त्याला."

तर ती आता कमरेवर हात ठेवून उभी होती. "टोपीत काय होतं?"

"काही नाही."

"काही नाही, तर सोड्याची चौकशी कशाला?"

नणंद आतल्या खोलीतून बाहेर आली. पंधरा वर्षांची मुलगी वेणी अर्धी सोडून दारात उभी राहिली. पारेवाल्याने तिघींकडे बघितलं आणि बायकोला म्हणाला, "टोपीच्या अस्तरात एक पट्टी शिवलीये मी. शनिवारी सुटताना तिला थोडं लावून आणतो."

"काय थोडं?"

त्याने खिडकीतून बांधांकडे बघितलं, तेव्हा तिला कळलं.

मग त्याने तुटक तुटक सांगितलं. नवा माणूस तेलापाशी गेला की पहिला आठवडा डोकं फुटायची वेळ येते, ओकाऱ्या होतात. नंतर अंगाला सवय होते. पण अंग विसरभोळं असतं. रविवारचा एक दिवस मध्ये गेला की सोमवारी पुन्हा तेच. म्हणून जुने कामगार टोपीत थोडं बाळगतात, म्हणजे अंग विसरत नाही. सगळेच करतात. साहेबाला कळलं तर तुरुंग आहे, म्हणून घरी कुणी बोलत नाही.

"म्हणजे या चुलीपाशी तुम्ही दर रविवारी ते डोक्यावर घेऊन बसायचात?"

"एक थेंब. कापडात मुरलेला. त्याने बहुतेक काही होत नाही."

"बहुतेक!"

"अरे, परवा मी त्या टोपीवर इस्त्री फिरवणार होते," नणंद म्हणाली. "निखारे विझले म्हणून राहिली." आणि ती हळूच ट्रंकेवर बसली.

मुलगी दारातूनच म्हणाली, "आई, मी घालायचे ती. आरशासमोर. बाबा झोपले की." तिला रडू फुटलं. "माझं डोकं दुखायचं ना, ते..."

बायकोने मुलीकडे बघितलं, मग कट्ट्यावरच्या ओल्या टोपीकडे. या पोरीच्या डोकेदुखीसाठी ती तीन वैद्यांचे उंबरे झिजवून आली होती.

"तुमचं एकट्याचं डोकं दुखू नये म्हणून घरादाराचं डोकं उडवायला निघालात? अकरा वर्षं माझ्या शेजारी झोपताय आणि एका शब्दाने नाही सांगितलंत? आता ती टोपी कोरीच राहील. दुखू दे डोकं. उद्याही दुखू दे मेलं."

"बरं," पारेवाला म्हणाला.

तो इतक्या पटकन 'बरं' म्हणाला, तिथेच तिने ओळखायला हवं होतं.

जेवणं कुणी धड केली नाहीत. दोनच्या सुमाराला तो खुर्चीत बसून छाती चोळत होता. तिने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. बायको रागावली की नवऱ्यांना काहीतरी दुखायला लागतं, हे तिला माहीत होतं. पण थोड्या वेळाने त्याच्या कपाळावरून घाम कानामागे उतरताना दिसला. खिडकी उघडी होती, वारा गार होता. ती उठून जवळ गेली. त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते आणि डावा हात त्याने मांडीवर असा ठेवला होता, जसा तो दुसऱ्या कुणाचा असावा.

"काय होतंय? अहो!"

"वजन ठेवलंय. छातीवर."

"डॉक्टरला बोलावते. अगं, जा पळ..."

"डॉक्टर नको." त्याने उजव्या हाताने तिचं मनगट पकडलं. एवढ्या जोरात त्याने काहीच कधी पकडलं नव्हतं. "मिश्रणवाल्याकडे जा. सांग त्याला, माझी टोपी धुतली गेली. त्याला समजेल."

मिश्रणवाला गल्लीच्या टोकाला, सार्वजनिक नळाच्या पलीकडे राहायचा. तेल आणि माती कालवण्याच्या खोलीत त्याची सतरा वर्षं गेली होती. दार त्याच्या बायकोने उघडलं. गल्ली तिला पाठीमागे खाष्ट काकू म्हणे, आणि तिला ते माहीत होतं.

"आमच्या ह्यांची टोपी धुतली गेली," पारेवाल्याची बायको धापा टाकत म्हणाली. बोलताना तिला वाटलं, ही आता हसेल.

काकू हसली नाही. बाजूला झाली. आत मिश्रणवाला बनियनवर बसला होता, डोक्यावर टोपी. तो उठून उभा राहिला.

"कुणी धुतली?"

"मी."

"छातीत आलंय?"

"हो. हातही जड झालाय."

"पोरांना बाहेर काढ," तो बायकोला म्हणाला. तिने दोन्ही मुलांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

"मला कुणी सांगेल का काय चाललंय?" पारेवाल्याची बायको म्हणाली. "ते म्हणाले डोकं दुखतं."

"डोकं दुखतं ते निराळं." मिश्रणवाल्याने टोपी काढून टेबलावर ठेवली, अगदी सावकाश. "वहिनी, तुमच्या नवऱ्याच्या आधी त्या स्टुलावर बसायचा तो म्हातारा आठवतो? निवृत्त झाला आणि पाचव्या दिवशी कुंड्यांना पाणी घालता घालता गेला. बॉयलर दुरुस्तीला आठवडाभर कारखाना बंद होता, तेव्हा दोघं गेले. एक चौथ्या दिवशी, एक सहाव्या. डॉक्टर म्हणाला, हृदय कमजोर. अहो, कमजोर हृदयाने अठरा वर्षं तेल कालवलं होय? ते कामावर मरत नाहीत. सुट्टीत मरतात. अंगाला तेलाची ओढ लागते. तेल तुटलं की छाती आवळते."

"आणि ह्यांना हे ठाऊक आहे?"

"आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर तो फाटकाचं काम घेत नाही. फाटकावर तेल कुठे आहे?"

तिला भावाचं पत्र आठवलं. 'बघू' आठवलं. दोन वर्षं ती या माणसाला मरायला चला म्हणत होती, आणि तो दरवेळी पत्राची नीट घडी घालत होता.

"कुणी सुटलंय का यातून?" तिने विचारलं. "एकतरी?"

मिश्रणवाल्याने विचार केला. खरोखर विचार केला. "नाही," तो म्हणाला.

"ही टोपी द्या मला."

"टोपी द्या?" काकू पुढे झाली. "आणि माझा नवरा काय बोडक्याने मरू दे? त्याचाही रविवारच आहे आज. तुझा तो नवरा आणि माझा काय भाड्याने आणलाय?"

"मग अर्धी पट्टी द्या. पाया पडते तुमच्या."

काकूने तिच्याकडे बघितलं. "पाया नको पडू. वेळ जातो," ती म्हणाली आणि शिवणाचा डबा घेऊन आली.

ओलं फडकं चौपदरी घालून टेबलावर अंथरलं. मिश्रणवाल्याने टोपी उलटी करून ठेवली आणि सुई घेतली, पण त्याच्या बोटांना कंप होता. सतरा वर्षं झाली होती त्यालाही. "घासायचं नाही," तो म्हणाला. "ओढायचं नाही. कात्री आपटायची नाही."

"आणा इकडे."

तिने सुईच्या टोकाने एकेक टाका सोडवला. आयुष्यात हजारो अस्तरं उसवली होती तिने, पण कधी श्वास धरून नाही. पट्टी दोन बोटं रुंद, हातभर लांब, आणि तिला तोच गोडसर वास. पट्टी ओल्या फडक्यावर आली तेव्हा कपाळाची शीर उडायला लागली. कात्रीची पाती तिने पाण्यात बुडवून घेतली. काकू नवऱ्याच्या पुढे येऊन उभी राहिली होती, जणू तिच्या देहाने काही अडणार होतं.

एकदा कापलं. काही झालं नाही. दुसऱ्यांदा. बाहेर मुलांनी दारावर धक्का मारला आणि काकू दात आवळून ओरडली, "मुडद्यांनो, लांब व्हा!" तिसऱ्यांदा कापलं आणि पट्टीचे दोन भाग झाले.

लाकडी वाटीत ओल्या फडक्याची घडी आणि घडीत पट्टी. एवढं घेऊन ती गल्लीत आली. मघाशी धावत येताना गल्ली छोटी होती, आता परतताना संपेना. रविवारची दुपार, सगळं जग बाहेर. पायऱ्यांवर बायका निवडत टिपत बसलेल्या, पोरं चिंध्यांच्या चेंडूने खेळत होती. चेंडू तिच्याच दिशेने आला. ती भिंतीला पाठ लावून वाटीवर वाकली. चेंडू तिच्या ढोपराला लागला. पोरगं जवळ येऊन म्हणालं, "काकू, पाय उचला ना." ती जागची हलली नाही. त्याने स्वतःच वाकून चेंडू काढला, तिच्या पायापाशी, वाटीच्या बरोबर खाली. मग लोखंडी चाकांची हातगाडी खडखडत आली आणि गाडी जाईपर्यंत ती तशीच भिंतीला चिकटून राहिली. "वाटीत काय सोनं आहे का गं?" पायरीवरची एकजण म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

घरी पोचली तेव्हा तो खुर्चीत तसाच होता. नणंद त्याची पाठ चोळत होती, मुलगी भिंतीशी मुठी आवळून उभी होती. तिने पट्टी त्याच्या कपाळाला बांधली आणि वरून ती स्वच्छ धुतलेली टोपी घातली. मग समोर जमिनीवर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पापणी लववायची नाही, दुसरीकडे बघायचं नाही. त्याला हे रोज अकरा तास करावं लागतं, असं तिच्या मनात आलं.

चहाचं आधण यायला लागेल एवढा वेळ गेला. आधी ओठ बदलले. मग त्याने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "उतरलं," तो म्हणाला, आणि बसल्या बसल्या झोपी गेला, ताठ, एका पायाच्या स्टुलावर बसल्यासारखा.

बायको मशीनपाशी जाऊन बसली. शिवलं काहीच नाही. बोटं नुसती चाकावर होती आणि डोकं दुप्पट ठणकत होतं. तेल तोडलं तर तो मरणार. नाही तोडलं तर कधीतरी पारा रेघेला लागणार. बराच वेळ ती बांधांकडे बघत होती.

"वन्सं," ती शेवटी म्हणाली, "हिचं दूध मी कसं तोडलं होतं?"

"मध्येच काय हे? तू एकदम तोडलंस, दुसरं काय! पोरीने ताप काढला, रात्रंदिवस भोकाड. मग मीच म्हटलं, असं तोडू नको, चार दिवसांनी एक पाजणं कमी कर. महिन्याभरात विसरली."

"हं."

"बाईगं," नणंद म्हणाली. तिच्या लक्षात आलं होतं. "हे दूध नाहीये."

"माहीत आहे मला."

"असं कुणी करून बघितलंय का?"

"नाही."

बायकोने कागद घेतला आणि भावाला पत्र लिहिलं. लिहिताना दोनदा खोडलं. मग ती पुन्हा मिश्रणवाल्याकडे जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण काकू तिला नळापर्यंत सोडायला आलेली मुलीने खिडकीतून बघितली.

संध्याकाळी सगळी जेवायला जमली. पारेवाला टोपी घालून. आज त्याला कुणी काढा म्हटलं नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती उभ्यानेच बोलली.

"उद्या सकाळी तुम्ही साहेबाला भेटणार आणि फाटकाचं काम मागणार."

"अगं, तुला आज बघूनही..."

"माझं संपलेलं नाही. टोपी आता रोज घालायची, नुसती रविवारी नाही. पट्टी मी कोरडी कापून शिवून देणार. मिश्रणवाले तिला तेल लावून तुम्हाला देतील. कबूल केलंय त्यांनी. पहिला महिना पट्टी पूर्ण. दुसऱ्या महिन्यापासून थोडी थोडी कमी. किती कमी ते मी ठरवणार. टोपी घरात खिडकीबाहेरच्या खुंटीला राहील, चुलीकडे आणायची नाही." ती मुलीकडे वळली. "तू तिच्या जवळ गेलीस तर तंगडं मोडीन."

"तेल घेऊन फाटकातून बाहेर पडणारा तूच आणि झडती घेणाराही तूच," नणंद भावाला म्हणाली. "निदान पकडला तरी जाणार नाहीस." कुणीच हसलं नाही, तीही नाही.

पारेवाल्याने घास खाली ठेवला. "आणि मध्येच छातीत आलं तर?"

"तर त्या महिन्यात पट्टी कमी होणार नाही."

"आणि तरीही आलं तर?"

तिने त्याच्या ताटात वाढलं. डाव ताटाच्या कडेला लागून वाजला. तो दचकला, तीही दचकली.

"दादाला पत्र लिहिलंय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी याच महिन्यात आपण सगळे तिकडे राहायला जातोय."